लोकर कातरणीचा दिवस, नागपूर : कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२६

आज माझ्या घरी, तांडापेठेत, पहिली बैठक झाली. सहा जण जमलो: मी, दोघे विणकर, एक निवृत्त पशुवैद्यक, वर्ध्याला सूतकताई शिकून आलेली कॉलेजातली एक मुलगी, आणि ज्यांच्या शेतात कार्यक्रम घ्यायचा ते दादा.

हे कशावरून सुरू झालं ते लिहून ठेवते. डिसेंबरात काटोल रोडने फेटरीच्या पुढे गेले होते. एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काळ्या लोकरीचा ढीग पडला होता आणि त्यावर कुत्रं झोपलं होतं. मेंढ्या राखणाऱ्या आबांना विचारलं, ही विकत नाही का? ते म्हणाले, "कोन घेते जी? नाई कातरली त उन्हाळ्यात मेंढीचे हाल होते, म्हनून कातरतो. मंग फेकून देतो."

माझे वडील मागावर नागपुरी लुगडी विणायचे. तुटलेल्या सुताचे तुकडेसुद्धा आई डब्यात जपून ठेवायची. महिनोन्‌महिने अंगावर वाढलेला धागा कोणी असा टाकून देतं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

ठरलं ते असं: फेब्रुवारीत एक दिवस कातरणी सगळ्यांसमोर करायची. ज्यांना यायचं त्यांनी यावं, मेंढी जवळून बघावी, लोकर हातात घ्यावी, पिंजणं-कातणं-विणणं बघावं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं. चांगला योग आहे. पण वर्ष नसतं तरी हे करायचंच होतं.

तारीख रविवार, २२ फेब्रुवारी. १५ तारखेला महाशिवरात्र आहे, निम्मं गाव पचमढीला गेलेलं असेल.

११ जानेवारी

आबांच्या कळपाकडे गेलो. कापूस वेचून झालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. रात्रभर कळप बसला की लेंडी आणि मूत थेट जमिनीत जातं, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. आबांच्या घरात वर्षाचे नक्की पैसे येतात ते यातून आणि बोकड विकून. लोकरीचा त्यात कुठे हिशेबच नाही.

कळपात साठेक जनावरं. त्यातली बरीचशी दख्खनी: काळी, अंगाने बारीक, लांब चालणारी, कमी चाऱ्यावर तगणारी. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणच्या कोरडवाहू पठारावर धनगर, कुरुब, कुर्मा यांनी हीच मेंढी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पण कळपात आता तांबूस, उंच, अंगावर केसच केस असलेली जनावरंही दिसतात. त्यांना लोकर नाही. आबांनीच दुसरीकडून नर आणून सोडला होता, कारण वजन लवकर भरतं. दोष कसा देणार? मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. मग मेंढपाळ लोकरीची मेंढी का निवडेल?

डॉक्टरांनी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या 'नारी सुवर्णा' मेंढीबद्दल सांगितलं. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा जनुक त्यांनी दख्खनीत आणला. आबांनी लगेच विचारलं, "दोन पिल्लं झाली त दूध पुरते का?" डॉक्टर म्हणाले, चारा-खुराक दिला तर पुरतं. त्यावर आबा काही बोलले नाहीत. फिरत्या कळपाला खुराक कुठून आणणार, हा विचार त्यांच्या तोंडावर दिसत होता.

कातरणीसाठी सत्तावीस मेंढ्या निवडल्या. गाभण मेंढ्या सगळ्या वगळल्या. शेवटच्या महिन्यांत उलटंपालटं करणं धोक्याचं, तिथे कोणाच्याही आग्रहाला जागा नाही.

१७ जानेवारी

आज फक्त भावाचं बोललो. तीन तास गेले, पण गेले ते बरं झालं.

हिशेब असा. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. एका खेपेला एका मेंढीची लोकर आबांच्या अंदाजाने पाव ते अर्धा किलो. कातरणारा माणूस एका मेंढीमागे चाळीस रुपये घेईल. म्हणजे शंभर रुपये किलो दिले तरी बऱ्याच मेंढ्यांची लोकर कातरणीची मजुरीसुद्धा फेडत नाही. ढीग धुऱ्यावर का पडतो याचं उत्तर या एका ओळीत आहे.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की लोकर तशीही फेकतात, आपण नेली तर आबांना त्रास कमीच. मला हे पटलं नाही. फुकट नेलेल्या लोकरीतून पुन्हा एकही दख्खनी नर कळपात ठेवला जाणार नाही. आपण 'जुनी जात जपा' म्हणायचं आणि जपण्याचा खर्च आबांवर टाकायचा, हे चालणार नाही.

शेवटी ठरलं: कातरणीची मजुरी गट देईल, मेंढीमागे चाळीस. लोकर वेगळी विकत घ्यायची, दीडशे रुपये किलो, आबांसमोर काट्यावर तोलून, त्याच दिवशी रोख. पोट आणि शेपटीकडची घाण लोकरसुद्धा वजनात धरायची.

२५ जानेवारी

चंद्रपूर जिल्ह्यात एका गावी जाऊन आलो. एसटीने जाता-येता दिवस गेला. पूर्व विदर्भातल्या कुरमार धनगरांच्या घरी घोंगडी विणण्याची रीत आहे, आणि या गावात एक आजी आणि त्यांच्या दोन सुना अजून काम करतात.

माग जमिनीत खड्डा करून बसवलेला. आमच्याकडचाही खड्ड्याचाच माग, म्हणून मी सहज जाऊन बसले. पाय खाली सोडले आणि वडिलांची आठवण आली. पण इथली फणी, म्हणजे उभे धागे ज्यातून ओवतात ती, बघितली आणि कळलं की काम वेगळं आहे. आमच्या फणीत केसाएवढं सूत जातं, यांच्या फणीच्या फटीतून चटईची काडीसुद्धा गेली असती.

आजींनी सगळी पायरी सांगितली. लोकर धुऊन, वाळवून, काटेकुटे वेचायचे. धनुकलीने पिंजायची. चरख्यावर कातायची. मग ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवून वाटायचे, शिजवून लापशीसारखं करायचं. अंगणात ताणा ताणून कुंच्याने खळ लावायची म्हणजे धागा ताठ होतो आणि लोकरीचे बारीक केस बसतात. नाहीतर विणताना शेजारचे धागे एकमेकांत गुंततात. म्हणून नवी घोंगडी कडक असते, धुतली की खळ जाते आणि मऊ पडते. ऑनलाइन घोंगडी घेऊन 'टोचते' म्हणून परत करणाऱ्यांना हे कोणी सांगतं का?

सगळ्यांत मऊ घोंगडी जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. आजींनी पेटीतून नातवाच्या बारशाची काढून दाखवली. हात लावून बघितली आणि परत द्यायला जिवावर आलं.

मी विचारलं, आता लोकर कुठून आणता? आजी म्हणाल्या, "येत नाई माय. मेंढ्या कमी झाल्या. आता बाहेरून सूत आनतो, त्याले आपला वास नाई."

त्या २२ तारखेला यायला तयार झाल्या. जाण्या-येण्याची गाडी, मुक्काम आणि तीन दिवसांची मजुरी आपण द्यायची.

१ फेब्रुवारी

मंडप, पाणी, सावली, शौचालय झालं. ग्रामपंचायतीला कळवलं. डीजे आणि लाउडस्पीकर नको, असं मी ठाम सांगितलं. मेंढी आवाजाने बिथरते, आणि बिथरलेल्या मेंढीवर कातर चालवली तर कातडी फाटते. व्यासपीठ नाही, सत्कार नाही, भाषणं नाहीत. जेवण वांग्याची भाजी, भाकरी, वरण-भात.

८ फेब्रुवारी

कातऱ्या लोहाराकडून पाजळून आणल्या. आबा, त्यांचे भाऊ आणि शेजारच्या गावचे दोघे, असे चार कातरणारे ठरले.

एका मेंढीवर तालीम केली. मला वाटलं होतं कातरणं म्हणजे केस कापणं. तसं नाही. एका हाताने कातडी ताणून धरायची, कारण मेंढीची कातडी सैल असते आणि घडीत कातर गेली की जखम झालीच. पातं कातडीला टेकवून एकाच घावात मुळाशी कापायचं. वर अर्धवट कापून पुन्हा खाली कापलं तर आखूड तुकडे पडतात, ते सुतात धरत नाहीत. आबांच्या भावाला एका मेंढीला दहा-बारा मिनिटं लागली आणि लोकर गोधडीसारखी एकसंध उतरली. हे बघायला तरी लोकांनी यावं.

डॉक्टरांच्या सूचना: आदल्या रात्रीपासून चारा-पाणी बंद, म्हणजे आडवं पाडल्यावर भरल्या पोटाचा दाब येत नाही. लोकर पूर्ण कोरडी हवी. जखम झाली तर लगेच औषध लावायचं, माशी बसली की अळ्या पडतात.

२० फेब्रुवारी

मेंढ्या धुतल्या. दुपारी बारानंतर, ऊन तापल्यावर, शेततळ्याच्या पाळीवरून एकेक उतरवली. दोन माणसं पाण्यात उभी, मेंढी हातांवर तोलून धरायची आणि बोटांनी लोकर मोकळी करायची. पाणी आधी काळं, मग पिवळट होत गेलं. वर आली की मेंढी अंग झाडायची आणि आम्ही सगळे भिजायचो. धुतलेल्या मेंढ्यांना दोन दिवस कोरड्या गवतावर ठेवायचं, मातीत नाही.

तीन वाजता ढग आले. मेंढ्यांच्या वाड्यावर ताडपत्री टाकून बसलो. पाऊस आला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला सुरू करायचं होतं, साडेसातलाच लोक आले. शंभराची अपेक्षा होती, अडीचशेच्या वर आले. बरेचसे लहान मुलांना घेऊन. जेवण कमी पडेल म्हणून दादांच्या घरच्यांनी दहाला पुन्हा पीठ मळायला घेतलं.

पहिल्या मेंढीला आबांनी हळदीचं बोट लावलं आणि खंडोबाचं नाव घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे गप्प झाले. कातरीचा खस्‌खस्‌ आवाज तेवढा येत होता. वरून उन्हाने तांबडी पडलेली लोकर उलटली की आतून कोळशासारखी काळी निघत होती. मुलं तेच बघायला पुढे सरकत होती.

एका मुलीने विचारलं, तिला थंडी नाही का वाजणार? डॉक्टरांनी तिला जवळ बसवून सांगितलं की म्हणूनच फेब्रुवारीत कातरतात, थंडी ओसरलेली असते. आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जाईपर्यंत थोडी लोकर परत वाढलेली असते. ती उन्हापासून कातडी वाचवते. सगळी लोकर अंगावर राहिली तर घाम-गोचिडांनी त्रास, आणि अगदी उघडं अंग असलं तरी त्रास. वेळ साधणं हीच मेंढपाळाची विद्या.

अकराच्या सुमारास एका मेंढीला मांडीच्या आत जखम झाली. दोष आमचा होता. मोबाइलवर चित्रण करणारे अगदी अंगावर आले, मेंढीने झटका दिला. रक्त बघून दोन मुलं रडायला लागली. डॉक्टरांनी जखम धुऊन औषध लावलं. कातरणं अर्धा तास थांबवलं आणि दोरी पाच हात मागे घेतली. हे पहिल्यापासून करायला हवं होतं. पुढच्या वेळी दोरी आधी.

पलीकडच्या झाडाखाली आजींचा चरखा. गर्दी तिथून हललीच नाही. कच्छमधून आलेले रबारी विदर्भात मेंढ्या आणि उंट घेऊन फिरतात, त्यांच्या एका डेऱ्यावरच्या दोन बायाही आल्या होत्या. कच्छात त्यांच्या मेंढीची लोकर वणकर विणून देतात, बायांची काळी लुडी (ओढणी) आणि पुरुषांचा धाबळो (पांघरूण) त्यातूनच होतो. आजींना गुजराती येत नाही, त्यांना मराठी मोडकी. पण एकीने पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, हातात घेऊन बोटांनी ओढून बघितला, दुसरीने टकळी फिरवली. आजींनी मान हलवली. मग बराच वेळ त्या तिघी एकमेकींचं सूत उन्हात धरून बघत होत्या. मला या दिवसातलं हेच जपून ठेवावंसं वाटतं.

मुलांसाठी बुरणूस करण्याचा कोपरा होता. कोमट पाणी, रिठा आणि कोकराची लोकर. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे खवले असतात. ओलं करून रगडलं की ते एकमेकांत अडकतात आणि बिनविणीचं कापड होतं. प्रत्येकाने तळहाताएवढा तुकडा घरी नेला.

एका बाईंनी विचारलं, याचा स्वेटर होईल का? खरं ते सांगितलं, होणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीचा केस साधारण १७ ते २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दख्खनीचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जाड. अंगाला टोचणारच. ही लोकर अंथरायला, पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. धनगर पावसाळाभर घोंगडीची खोळ करून रानात उभा राहतो तो या गुणावर.

२३ फेब्रुवारी

एकूण लोकर ९ किलो ४०० ग्रॅम, मेंढीमागे सरासरी ३५० ग्रॅमच्या आसपास. आबांना १,४१० रुपये, कातरणाऱ्यांना १,०८० रुपये. काल संध्याकाळी सगळ्यांसमोर दिले. आबांनी नोटा मोजल्या नाहीत, हातात धरून बसले. म्हणाले, "बापाच्या टाइमाले लोकरीचे पैसे यायचे." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

जखमी मेंढी ठीक आहे, सकाळी चरली.

८ मार्च

वेचणं झालं. घाण लोकर काढून ७ किलो ८०० ग्रॅम उरली होती, पुन्हा धुतल्यावर ५ किलो ९०० ग्रॅम. पिंजल्यावर ५ किलो ३०० ग्रॅम. काढलेली लोकर दादांनी संत्र्याच्या झाडांच्या बुडाशी टाकली. ओल धरते आणि हळूहळू कुजून खत होतं.

कताईत अडकलो. आमच्या सहा जणांचं टकळीवर दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम, तेही कुठे जाड कुठे बारीक. आजींच्या सुना चरख्यावर दिवसाला तीनशे ग्रॅम सहज काढतात. साडेचार किलोच्या वर पेळू त्यांच्याकडे पाठवले, किलोला हजार रुपये मजुरी. उरलेल्यावर आम्ही हात बसवू.

२९ मार्च

वडिलांच्या मागावर लोकरीचा ताणा लावून बघितला. फणीत घासून धागा तुटला, चार वेळा. आमच्यातल्या एका विणकरकाकांनी फणीतली एकेक फट सोडून सूत भरलं, तरी लव उठून गुंता झाला. खळ आमची पातळ होती. लोकरीला ती आजींच्यासारखी दाटच लागते. बाणा, म्हणजे आडवा धागा, लोकरीचा आणि ताणा जाड सुताचा, असं घातलं तेव्हा वीतभर विण सरळ आली. घोंगडी नव्हे, पण आसन चांगलं होईल. काका दुसऱ्या दिवशी न बोलावता परत आले.

१९ एप्रिल

दोन घोंगड्या आल्या. प्रत्येकीत २ किलो ३०० ग्रॅम सूत. काळी जमीन, कडेला मेंढ्यांच्याच पांढऱ्या लोकरीची दोन बोटं पट्टी. रंग कुठलाही घातलेला नाही.

एका घोंगडीचा खर्च: कताई २,३००, विणकाम १,२००, पिंजण आणि खळ २००, कातरणीच्या मजुरीचा निम्मा वाटा ५४०, लोकरीच्या किमतीचा निम्मा वाटा ७०५. एकूण ४,९४५.

आज बैठकीत पुन्हा तोच मुद्दा आला. पाच हजारांना कोण घेणार, लोकरीचा भाव कमी करू. मी कागद पुढे ठेवला. पाच हजारांत आबांच्या लोकरीचे सातशे पाच आहेत. ते निम्मे केले तर घेणाऱ्याला साडेतीनशे रुपये वाचतील, त्याला फरकही कळणार नाही. आबांच्या मेंढीची लोकर मात्र पुन्हा धुऱ्यावर जाईल. वाचवायचं असेल तर कताईत वाचवू: पायाने चालणारा चरखा आणू, आजींच्या सुनांकडून आणखी चार जणी शिकवून घेऊ. हात वाढले, वेग वाढला तर दिवसाची मजुरी न कापता किंमत उतरेल. यावर एकमत झालं.

एक घोंगडी विकली, ५,२०० ला. घेणाऱ्या ताईंना खळ धुऊन काढायची कशी ते लिहून दिलं. दुसरी विकायची नाही, पुढच्या कातरणीच्या दिवशी लोकांना हात लावायला ठेवायची.

संध्याकाळी ती आबांना दाखवायला नेली. त्यांनी कडेची पांढरी पट्टी बोटाने चाचपली आणि कळपात बघून म्हणाले, "हे पांढरं त्या कानफाट्या मेंढीचं आहे." मग म्हणाले की तिच्या पोटचा काळा नर यंदा विकत नाही, ठेवतो.

ऑक्टोबरची कातरणी दसऱ्यानंतर. आबांना पंचवीस मेंढ्यांची आगाऊ रक्कम दिली, ५०० रुपये. दोरी, ताडपत्री आणि काटा दादांच्या गोठ्यात ठेवला आहे.